निळा रंग गेला कोठे?

गेल्या पावसाळ्यात रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी आम्हांस आग्रहाने आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. आमचा विषय तत्त्वज्ञान; काचेच्या नळ्यांशी असलेला आमचा संबंध कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर सुटला तो सुटलाच. परंतु मुलाच्या चेहऱ्यावरचा उत्साह पाहून नाही म्हणवेना. त्याने टेबलावर एक चंबू मांडून ठेवला होता व त्यात शाईसारखे निळेभोर पाणी होते. त्याने चिमूटभर काळी पूड त्यात टाकली, चंबू बराच वेळ हलविला आणि मग गाळणकागदातून ते पाणी दुसऱ्या भांड्यात उतरविले. जे खाली उतरले ते विहिरीच्या पाण्यासारखे नितळ होते. ती पूड उसाच्या चिपाडांचा कोळसा होती. "सर, चिपाडं आमच्याच गावच्या गुऱ्हाळातली आहेत," असे तो अभिमानाने म्हणाला, आणि तो अभिमान त्यास शोभत होता.

आम्ही त्याचे मनापासून अभिनंदन केले आणि धंद्याच्या सवयीप्रमाणे एक अडाणी प्रश्न विचारला, "निळा रंग गेला कोठे?"

"कोळशात, सर."

"आणि कोळसा कोठे जातो?"

मुलगा क्षणभर थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आतापर्यंतचा मागच्या मोरीत टाकला." ती मोरी नाल्यास मिळते व नाला नदीस मिळतो, हे त्यास आणि आम्हांस सारखेच ठाऊक होते.

हा प्रसंग त्या मुलाची थट्टा करण्यासाठी आम्ही सांगत नाही. त्याच्या उत्तरात जो प्रामाणिकपणा होता तो मोठमोठ्या कारखान्यांच्या अहवालांतून आढळेल किंवा नाही, याची आम्हांस शंका आहे. परंतु त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. शुद्ध करणे म्हणजे नेमके काय करणे? मळ नाहीसा करणे, की तो आपल्या डोळ्यांआड दुसऱ्या कोणाच्या पदरी घालणे?

प्रथम ह्या काळ्या पुडीस तिचे श्रेय दिले पाहिजे. कोळशाने द्रवाचा रंग जातो, हे योहान टोबियास लोवित्स ह्या रसायनज्ञाने १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे प्रथम नीट पाहिले. पुढे युरोपातील साखर शुभ्र करणाऱ्यांनी लाकडाचा व हाडांचा कोळसा वापरण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०० व १९०१ ह्या सालांत, राफाएल फॉन ओस्ट्रेइको याने साधा कोळसा वाफेने व रसायनांनी अधिक कार्यक्षम करण्याच्या पद्धतींचे हक्क नोंदविले. पण ह्या विद्येस खरी गती मिळाली ती युद्धामुळे. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायूचे लोट सोडण्यात आले, आणि मग जो तो मुखवट्यांच्या मागे लागला. रशियात झेलिन्स्की याने कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. अमेरिकेत १९१८ साली गृहिणींनी आणि शाळकरी पोरांनी पीचच्या बिया व अक्रोडाची टरफले गोळा करून सरकारास दिली, कारण त्यांचा कोळसा नारळाच्या करवंटीच्या कोळशासारखाच विषारी वायू धरून ठेवतो. जेवणानंतर ताटात उरलेली बी सैनिकाच्या श्वासाचे रक्षण करते, ही कल्पना कोणाही कवीस सुचावी अशी आहे.

कृती ऐकावयास सोपी आहे. करवंटी, चिपाड, भाताचे तूस, फळांच्या आठळ्या, असे काहीही वनस्पतिजन्य द्रव्य हवा न लागू देता जाळावे, म्हणजे त्यातील पाणी, तेले व वायू निघून जातात आणि कर्ब मागे राहतो. मग ८०० ते १००० अंशांच्या भट्टीत त्यावर पाण्याची वाफ सोडावी. वाफ कर्बाचे कण कुरतडीत आत शिरते आणि इतकी सूक्ष्म भगदाडे पाडते की साध्या सूक्ष्मदर्शकासही ती दिसत नाहीत. किंवा, आमच्या विद्यार्थ्याने केले त्याप्रमाणे, चिपाडे फॉस्फरिक आम्लात भिजवून मग कमी आचेवर भाजावी. अशा तऱ्हेने तयार झालेल्या एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरांच्या घरात जातो. आम्हांस मीटरांपेक्षा गुंठ्यांचा हिशेब चटकन कळतो, म्हणून आम्ही तो मांडून पाहिला. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा गुंठे, आणि तोळाभर कोळशात पावणेतीन एकरांहून अधिक जमीन! वाटणीच्या दाव्यांत पिढ्या घालविणाऱ्या आमच्या मंडळींनी ह्या गणिताचा जरूर विचार करावा.

ह्या अफाट जमिनीवर रंगाचे कण येऊन चिकटतात. येथे शास्त्रज्ञ एक भेद करतात, तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बोळा पाणी पितो, ते शोषण. कोळसा रंग पीत नाही. रंग त्याच्या भिंतींस केवळ लागून राहतो. यास ते अधिशोषण म्हणतात. धर्मशाळेत यात्रेकरू उतरतात तसे हे कण उतरलेले असतात. ते भिंत होत नाहीत, भिंत त्यांना पचवीत नाही. योग्य द्रव ओतला तर त्यांपैकी पुष्कळ कण जसेच्या तसे बाहेर येतात. आमच्या चंबूतील निळा रंग नाहीसा झालाच नव्हता. तो फक्त पांगलेला होता तो एके ठिकाणी जमला होता.

आमच्याकडे पाणी निवळण्याचे जुने साधन म्हणजे निवळीचे बी, संस्कृतातील कतक. मडक्याच्या आतल्या अंगास ते उगाळले की गढूळ पाणी काही वेळाने स्वच्छ होते. मनुस्मृतीत ह्या फळाचा दृष्टान्त आला आहे तो मोठा मार्मिक आहे: फळ पाणी निवळते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने निवळत नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोधात तोच दृष्टान्त निराळ्या कामी आला आहे. तेथे ज्ञान हे अज्ञानाचा मळ दूर करून स्वतःही उरत नाही, निवळीच्या पुडीप्रमाणे. वेदान्ताच्या वर्गात हा श्लोक आम्ही अनेक वर्षे शिकविला आणि प्रत्येक वेळी तो आम्हांस निर्दोष वाटला. आता मात्र एक शंका येते. निवळीची पूड आणि गाळ ही दोन्ही मडक्याच्या बुडाशी बसलेली असतात. ती नाहीशी झालेली नसतात. घरात ते मडके घासणारे जे कोणी असते, त्याला ती रोज दिसतात. आचार्यांचा सिद्धान्त याने बाधित होत नाही, कारण दृष्टान्त हा एका अंगानेच घ्यावयाचा असतो. परंतु पाणी वरून पिणारा आणि मडके खालून घासणारा, ह्या दोघांना एकच दृष्टान्त निरनिराळा दिसतो, एवढे खरे.

आता टाकाऊ वस्तूंविषयी. टाकाऊपासून उपयुक्त वस्तू बनविली की आपण सर्वजण एकमुखाने वाहवा करतो, आणि हिशेब तेथेच मिटला असे समजतो. पण ह्याच निळ्या रंगाची वंशावळ पाहा. गेल्या शतकापूर्वीच्या लंडनमध्ये कोळशापासून दिव्यांचा वायू काढीत आणि मागे काळे, दुर्गंधी डांबर उरे. त्याचे काय करावे हे कोणास समजत नव्हते. १८५६ साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरातून निघणाऱ्या अ‍ॅनिलीनपासून क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन साधले नाही, एक सुंदर जांभळा रंग हाती आला. त्या दिवसापासून डांबरातून रंगामागून रंग निघू लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या चंबूतील मिथिलीन ब्ल्यू हाइन्रिख कारो याने १८७६ साली बनविला तो ह्याच परंपरेतला. म्हणजे जो रंग आज आपण नदीतून काढू पाहतो, तो त्या काळी टाकाऊ वस्तूच्या सदुपयोगाचा सर्वांत गाजलेला विजय होता! एका कोळशाची घाण उपयोगी पडून रंग झाला, रंगाची घाण झाली, आणि ती काढण्यास पुन्हा कोळसा आला. ह्या चक्रात प्रत्येक पिढीस आपण चक्राच्या शेवटाशी आहोत असे वाटते.

शिवाय टाकाऊ म्हणजे कोणास टाकाऊ? मेरी डग्लस ह्या इंग्रज विदुषीने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घाण म्हणजे अस्थानी असलेली वस्तू, ह्या जुन्या कल्पनेचा विस्तार केला आहे. ती कल्पना आम्हांस पटते. तिला एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते की, स्थान कोणते हे ठरविण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो. गुऱ्हाळावर चिपाड कधीच टाकाऊ नव्हते. रस काढून झाला की ते उन्हात वाळवावयाचे व चुलवाणात घालावयाचे. त्याच्याच जाळावर काहिलीतला रस आटतो. साखर कारखान्यांत त्याच्यावर बॉयलर चालतात व वीज निघते. करवंटीचे तर कोकणात विचारूच नये. तिचा डाव होतो, न्हाणीच्या चुलीत ती जळते, तिच्या कोळशावर परटाची इस्त्री तापते. ज्या वस्तूस भाव नाही तिला शहरात कचरा म्हणतात; खेड्यात ती पुष्कळदा गरिबाचे सरपण असते. उद्या तिला कोळशाच्या कारखान्याचा भाव आला म्हणजे शास्त्राचा जय झाला हे खरेच, पण जिच्या चुलीत ती फुकट जात होती त्या बाईने उद्या काय जाळावे, हा प्रश्न त्या जयघोषात ऐकू येत नाही. शंभर किलो करवंटीतून तीस किलोंच्या आसपास कोळसा हाती येतो आणि वाफेच्या भट्टीत त्यातलाही मोठा भाग, कधी निम्मादेखील, जळून जातो. तेव्हा ही भूक लहान नाही.

आमच्या विद्यार्थ्यानेच आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही स्वतः होऊन कधी विचारली नसती. आम्लात भाजलेला कोळसा वापरण्यापूर्वी धुवावा लागतो, आणि पाण्यातील आंबटपणा जाईपर्यंत धुतच राहावे लागते. मूठभर कोळशास किती बादल्या लागल्या हे सांगताना तो ओशाळून हसला. पाणी शुद्ध करणारी वस्तू शुद्ध करण्यासाठी आधी पाणी मळवावे लागते, हा विनोद नव्हे. ही बहुतेक सर्व शुद्धींची रीत आहे.

ही चर्चा हवेतील नाही. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती ह्यांची मिळून झालेली, अशी आमच्या दक्षिण महाराष्ट्राची श्रद्धा आहे. कोल्हापूरचे सांडपाणी घेऊन ती पुढे इचलकरंजीच्या अंगाने जाते. तेथे यंत्रमाग आहेत, कापड रंगविणारे कारखाने आहेत, आणि त्या सर्वांचे पाणी कोठेतरी जावयाचेच असते. तेथून खाली नृसिंहवाडीस ती कृष्णेस मिळते व त्या संगमावर दत्तभक्त स्नान करून शुद्ध होतात. वरचा मनुष्य ज्यात मळ सोडतो त्यातच खालचा मनुष्य मळ धुतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली व माणसे दगावली. तेथे आमच्या ह्या कोळशाचाही उपयोग नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कोळसा रंग, वास, कीटकनाशके ह्यांस धरतो. मिठास व क्षारांस तो सोडून देतो, आणि रोगजंतूंचे त्यावर अवलंबून निवारण करता येत नाही, उलट जुना झालेला कोळसा जंतूंचे घरही होऊ शकतो. गाळलेले पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्दोष समजणे, ही चूक घरोघर होते.

मग खरा नैतिक प्रश्न पुढे येतो. धुण्याची सोय झाली म्हणजे मळविण्याचा अधिकार मिळतो काय? धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताविषयी हाच वाद आहे. प्रायश्चित्त सांगणारा पश्चात्तापाचा आधार देत असतो. पण पाप करण्यापूर्वीच प्रायश्चित्ताची दक्षिणा गाठीस बांधून निघणारा मनुष्य प्रायश्चित्ताचा नव्हे, पापाचाच विचार करीत असतो. तुकोबांनी तीर्थयात्रेस निघालेल्या मंडळींबरोबर कडू भोपळा दिला आणि सर्व तीर्थांत न्हाऊन आल्यावरही तो कडूच निघाला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. अर्थशास्त्रातही ह्याचे एक रूखेसुखे भावंड आहे. जेव्हन्स याने १८६५ साली इंग्लंडच्या कोळशाविषयी लिहिताना दाखविले की, यंत्रे काटकसरीची झाली म्हणून कोळशाचा खप कमी होत नाही, तो वाढतो. कारण काम स्वस्त झाले की काम अधिक निघते. शुद्धी स्वस्त झाली तर मळाचेही असेच होणार नाही, असे कोणी छातीस हात लावून सांगावे.

इतके लिहून झाल्यावर आम्हांस आमच्याच लिखाणाचा थोडा संशय येऊ लागतो. कोणीच काही मळवू नये, हा उपदेश पोट भरलेल्यास सोपा आहे. आम्ही हे लिहीत आहोत तो सदरा रंगविलेला आहे, आणि तो पंचगंगेच्या काठी रंगविला गेला नसेल असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यास नदीच्या नितळपणापेक्षा शनिवारचा पगार अगोदर दिसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. जगणे म्हणजे काही ना काही मळविणे आहेच. श्वासदेखील हवा मळवूनच बाहेर येतो. तेव्हा ज्यास मळविणे टाळता येत नाही त्याने निदान धुवावे, हे म्हणणे लहान नव्हे, आणि त्या मुलाची पूड त्या दृष्टीने आमच्या सर्व व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगाची आहे. आमचा आक्षेप धुण्यास नाही. धुतले की संपले, ह्या समजुतीस आहे.

कारण संपत नाही. वापरलेला कोळसा पुन्हा तीव्र आचेच्या भट्टीत घातला तर त्यावरचा रंग जळून जातो व कोळसा परत कामास येतो. दर खेपेस त्याची थोडी घट होते आणि भट्टीस इंधन लागते ते निराळेच. मोठ्या संस्थांना हे परवडते. लहानांना परवडत नाही, आणि मग कोळशाची रवानगी होते. आमच्या देशाच्या २०१६ सालच्या नियमांत अनेक धंद्यांतील असा वापरलेला कोळसा घातक कचऱ्यात गणला आहे. म्हणजे ज्याने पाण्यास शुद्ध केले तोच त्या उपकारामुळे अशुद्ध ठरतो व त्यास हात लावू नये असा दंडक होतो.

हे वाक्य लिहिताना आम्हांस थांबावे लागले, कारण ही रचना आपल्या समाजास नवी नाही. समाजाचा मळ ज्यांनी उचलला त्यांनाच मळ समजण्याची विद्या आपण शतकानुशतके पाळली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले; त्यानंतर तेथील सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. शेण व गोमूत्र घातल्याने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने ते बाटते, असे ते रसायनशास्त्र होते! न्यायालयात त्या तळ्याचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. तो काळ गेला असे म्हणावयाची सोय आहे. पण गटारात माणूस उतरविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली पुन्हा करावा लागला, आणि त्यानंतरही गटारात गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतोच. ज्याअर्थी शुद्धीचा प्रत्येक प्रकार मळास कोठेतरी नेऊन ठेवतो, त्याअर्थी तो कोणाच्या दारी ठेवला, हा रसायनाचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे. कारखान्याच्या वहीत पाणी किती शुद्ध झाले याचा एक रकाना असतो. कोळसा कोणी उचलला, कोठे टाकला, आणि त्या जागेच्या उताराला कोणाची विहीर आहे, याचाही रकाना त्याच पानावर असावा, असे आम्हांस वाटते. रंगविलेल्या कापडाच्या किमतीत कोळशाच्या परतीच्या प्रवासाची किंमत धरलेली असावी. सदरा थोडा महाग होईल. तो आम्ही घेऊ, किंवा एक कमी घेऊ.

परवा काही कामानिमित्त पुन्हा त्या प्रयोगशाळेत जाणे झाले. मुलगा आता मोरीत काही टाकीत नाही. कोपऱ्यातील एका लाकडी कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे डबे ओळीने ठेवले आहेत, प्रत्येकावर तारीख आणि आतल्या रंगाचे नाव. भट्टी मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेली असल्याने ते जाळण्याची पाळी इतक्यात येईल असे दिसत नाही. आम्ही डबे मोजीत असता प्रयोगशाळेतील मामा हातात झाडू घेऊन मागे उभे होते.

"सर, हे कपाट भरत आलं," ते म्हणाले. "पुढचे डबे कुठं ठेवायचे तेवढं सांगा. आमच्या खोलीत मी ठेवणार नाही."

मुलाने आमच्याकडे पाहिले. आमच्या विभागाच्या खोलीत खिडकीखाली एक फळी बरीच वर्षे रिकामी आहे, ती आम्हांस त्या वेळी आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डबे तेथे येऊन पोचले.